माकड आणि वानर: दोघांच्या दिवसाची तुलना कशी करावी

सोलापूरच्या भोवतालच्या मळ्यांत, ओढ्याकाठच्या चिंचांवर आणि देवळांच्या आवारातील वड-पिंपळांवर लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे वानर असे दोघेही अधूनमधून पाहायला मिळतात. त्यांचे निरीक्षण करायला नव्याने सुरुवात करणारा माणूस बहुधा डोळ्यांत भरणारे तेवढेच लिहून ठेवतो: दोन नरांची झटापट, कुणाच्या हातातून पळवलेली भाकरी, हुप्प्याने मारलेली लांब उडी. अशा नोंदींतून गोष्टी साठतात, पण दोन जातींची तुलना उभी राहत नाही. तुलना करायची असेल, तर काही घडले म्हणून नव्हे, ठरलेली वेळ झाली म्हणून नोंद करावी लागते. ही एक सवय अंगी बाणवण्यासाठी काय काय करावे लागते, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका मळ्यात पहिल्या वर्षी मी माकडे सकाळी पाहत असे आणि वानर दुपारी, कारण दुपारी ते विहिरीजवळच्या कडुनिंबावर हमखास सापडत. वर्षाअखेर माझ्या वहीत माकडे चपळ आणि वानर आळशी ठरले होते. पुढच्या वर्षी दोघांनाही सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारख्याच अंतराने पाहिले, तेव्हा सकाळी साडेसातला वानरही माकडांइतकेच खाण्यात गुंतलेले दिसले. पहिली वही खोटी नव्हती, पण तिच्यात जातींमधला फरक आणि वेळेमधला फरक एकमेकांत मिसळून गेला होता.

पहिली पायरी: आपण कुणाला पाहतो आहोत, हे पक्के करणे

आपण ज्याला नुसते माकड म्हणतो, ते आपल्या भागात बहुतेक वेळा बॉनेट मकाक असते (मकाक हा माकडांचा एक गट). ही जात फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आढळते. तिच्या डोक्यावरचे केस मधोमध भोवऱ्यासारखे पसरलेले असल्यामुळे टोपी घातल्यासारखी दिसते आणि शेपटी चांगली लांब असते. उत्तर भारतातील ऱ्हिसस मकाकाची शेपटी आखूड असते, डोक्यावर तशी टोपी नसते आणि पाठीचा खालचा भाग तांबूस-नारिंगी असतो. ऱ्हिससचा विस्तार दक्षिणेकडे सरकत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे टोपीवालेच असणार’ असे गृहीत न धरता प्रत्येक टोळीची शेपटी आणि डोके एकदा नीट पाहून लिहावे.

वानर म्हणजे हनुमान लंगूर. राखाडी अंग, काळे तोंड, लांब पाय आणि अंगापेक्षा लांब शेपटी यांमुळे तो ओळखायला सोपा आहे. शेपटी कशी धरतो, हेही लिहावे. उत्तरेकडील वानर चालताना शेपटीची कमान पुढे डोक्याच्या दिशेने नेतात, तर दक्षिणेकडील वानर तिचा बाक मागे ठेवतात, आणि ही सीमा साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यात मानली जाते. आपल्या शहरातील तेलुगू घरांत माकडाला कोती आणि वानराला कोंडमुच्चू म्हणतात. गावकऱ्यांशी बोलताना ‘माकड’ या एकाच शब्दावर विसंबू नये, तोंड काळे की लाल, हे विचारून घ्यावे.

दुसरी पायरी: जागा, अंतर आणि सावधगिरी

एखादी टोळी रोज रात्री कुठे झोपते, हे कळले की निम्मे काम झाले. संध्याकाळी ज्या वडावर किंवा उंच चिंचेवर टोळी चढते, तिथे दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी पोचावे. सोलापुरात सूर्य मेच्या अखेरीस सहाच्या आत उगवतो आणि जानेवारीत सातच्या सुमारास, त्यामुळे घरून निघण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. मळा खासगी असेल तर मालकाला सांगूनच जावे. ज्याच्या डाळिंबांचे नुकसान झाले आहे, त्याला आपण माकडे हाकलायला नव्हे, पाहायला आलो आहोत हे आधीच माहीत असलेले बरे. धाराशिवच्या पुढे येडशीजवळील रामलिंगाचा परिसर माकडांसाठी सर्वांना ठाऊक आहे, पण तो अभयारण्याचा भाग असल्याने तिथे वन विभागाचे नियम पाळावेत.

अंतर किमान १५-२० पावलांचे ठेवावे, खायला काहीही देऊ नये आणि खाण्याची पिशवी दिसेल अशी बाळगू नये. नजरेला नजर भिडवणे ही माकडांच्या भाषेत धमकी असते, म्हणून दुर्बीण खाली घेतल्यावर बाजूला पाहावे. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

तिसरी पायरी: कृतींचे शब्द आधीच ठरवणे

वहीच्या पहिल्या पानावर पाच-सहा कृती लिहून प्रत्येकीला एक अक्षर द्यावे: खाणे, चालणे, विसावणे, उवा वेचणे, खेळणे, भांडणे. याहून जास्त प्रकार सुरुवातीला करू नयेत. प्रत्येक शब्दाची व्याख्या मात्र अशी लिहावी की, आपल्याऐवजी दुसरा माणूस बसला तरी तीच नोंद करेल.

यातला खरा पेच माकडांच्या गालांत आहे. माकडांना गालाच्या आत पिशव्या असतात. दाणे किंवा चिंचा दिसल्या की ती भराभर त्यांत भरतात, दूर जाऊन बसतात आणि हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबत एकेक घास दाढेखाली आणतात. पाराच्या कट्ट्यावर डोळे अर्धवट मिटून बसलेले, पण जबडा हळूहळू हलत असलेले माकड खाते आहे की विसावले आहे? मी त्याला ‘खाणे’ म्हणतो, आणि गालपिशवीतून असल्यास अक्षरावर टिंब देतो. तुम्ही वेगळे ठरवले तरी हरकत नाही, मात्र जे ठरवाल ते वर्षभर बदलू नये. वानराला अशा पिशव्या नसतात. पोट टम्म फुगलेला वानर फांदीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसलेला असतो, तेव्हा त्याच्या जठरात पाने आंबत असतात, पण आपल्याला ते दिसत नाही. त्यामुळे नोंद ‘विसावणे’ अशीच होते.

दोघे मिळून जाणार असाल, तर पहिले काही दिवस एकाच टोळीची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि संध्याकाळी वह्या ताडून पाहाव्यात. शंभरातल्या ८५ नोंदी जुळेपर्यंत खऱ्या नोंदींना सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

चौथी पायरी: घड्याळ लावून टोळी पाहणे

प्राण्यांचे वर्तन कसे नोंदवावे, याची आजही वापरली जाणारी शिस्त जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये मांडली. त्या बबून माकडांचा अभ्यास करीत होत्या आणि त्यांची तक्रार हीच होती की, लक्ष वेधून घेणारे तेवढेच टिपले तर वर्तनाचे प्रमाण चुकते. त्यांनी सांगितलेल्या पद्धतींपैकी नवोदितांना दोन पुरतात. त्यांतली पहिली म्हणजे ठरावीक अंतराने सगळ्या टोळीवर एकदाच नजर फिरवणे.

मोबाइलवर दर दहा मिनिटांनी कंप होईल असा गजर लावावा, आवाजाचा नको. गजर झाला की डावीकडून उजवीकडे नजर नेत जो जो प्राणी दिसेल, तो नजरेस पडताक्षणी जे करीत होता तेवढेच लिहावे. पुढच्याच क्षणी त्याने उडी मारली तरी ती या नोंदीत येत नाही. सोबत प्रौढ नर, प्रौढ मादी, किशोर की पिल्लू, हेही अक्षराने लिहावे. पूर्ण फेरी दोन मिनिटांत संपवावी आणि उरलेल्या आठ मिनिटांत पुढील पायरीतले काम करावे. फेऱ्यांच्या मधे काही विलक्षण घडले तर ते वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहावे. ते वाया जात नाही, फक्त त्याची मोजणी होत नाही.

दुपार टाळू नये. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की, अकरा ते चार या वेळात टोळी सावलीत हालचाल न करता बसते, आणि आपल्याला वाटते की आता पाहण्यासारखे काही नाही. ओळीने वीस फेऱ्या ‘विसावणे, विसावणे’ असेच लिहीत बसावे लागते. मात्र दोन जातींमधला फरक याच वेळात सर्वांत स्पष्ट दिसतो. माकडे दुपारीही मधूनच उठतात, पाचोळा उलथून किडे शोधतात, ज्वारीच्या कडब्यात दाणे धुंडाळतात. वानर मात्र त्याच कडुनिंबावर तासन्‌तास बसून राहतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा खायला लागतात. पाणी आणि टोपी सोबत ठेवावी, आणि उन्हाचा त्रास होऊ लागल्यास एका दिवशी सकाळ व दुसऱ्या दिवशी दुपार अशी वाटणी करावी. प्रत्येक तासाच्या नोंदी दोन्ही जातींसाठी सारख्याच दिवसांच्या असाव्यात, एवढे कटाक्षाने पाहावे.

पाचवी पायरी: एकाच प्राण्याच्या मागे राहणे

नाती टोळीभर नजर फिरवून कळत नाहीत. त्यासाठी दोन फेऱ्यांमधल्या आठ मिनिटांत एक प्राणी निवडून फक्त त्यालाच पाहावे लागते. त्याच्याजवळ कोण आले, तो कुणाजवळ गेला, उवा कोणी कोणाच्या वेचल्या आणि कुणी कुणासाठी जागा सोडली, हे वेळेसह लिहावे. कोणाला निवडायचे याची यादी घरीच चिठ्ठ्या टाकून करावी, नाहीतर मन दांडग्या नराकडेच ओढ घेते. ओळख पटण्यासाठी फाटलेला कान, वाकडे बोट, तुटलेली शेपटी, ओठावरचा व्रण अशा खुणांची चित्रे काढून ठेवावीत.

जागा सोडण्याची नोंद मला भांडणापेक्षा मोलाची वाटते. मे महिन्यातल्या एका दुपारी विहिरीच्या कठड्याच्या हातभर सावलीत एक मादी बसली होती. दुसरी मादी चालत आली. ती गुरगुरली नाही, तिने दात दाखवले नाहीत, पहिलीकडे पाहिलेही नाही. पहिली उठली, उन्हात सरकली आणि जणू आपल्याला तिथेच बसायचे होते अशा रीतीने पायाचा तळवा न्याहाळू लागली. दुसरी सावलीत बसली. सगळे मिळून पाच-सात सेकंद लागले असतील. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की कोण कोणाच्या वर आहे, याची उतरंड कागदावर दिसू लागते. मकाक माकडांत ही उतरंड आईकडून लेकीकडे येते. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात आणि नर वयात आल्यावर दुसरीकडे जातात. वानरांतही माद्याच टोळीत टिकून राहतात, पण त्यांच्या उतरंडीत तरुण माद्या वर आणि वयस्क माद्या खाली सरकत जातात.

चेहऱ्यांच्या बाबतीत नवीन माणूस हमखास फसतो. ओठ मागे ओढून दात दाखवणारे माकड बहुधा हसतही नसते आणि धमकावतही नसते, ते घाबरलेले असते. धमकीत तोंड गोल उघडलेले असते आणि नजर रोखलेली असते. ओठ भराभर मिटत-उघडत केलेली चपचप हा सलोख्याचा इशारा आहे, आणि नराने सुळे दिसतील अशी दिलेली जांभई बऱ्याचदा झोपेची नसून ताणाची असते.

पिल्लांसाठी वहीत वेगळे पान ठेवावे, कारण दोन जातींतला सर्वांत हृद्य फरक तिथे दिसतो. वानराचे पिल्लू जन्मतः गडद, जवळजवळ काळे असते आणि पहिल्या दिवसापासूनच टोळीतल्या इतर माद्या ते मागून घेतात. एकदा मी एक पिल्लू दहा मिनिटांत तीन मांड्यांवर फिरलेले पाहिले. तिसऱ्या, अगदी कोवळ्या वयाच्या मादीने ते उलटे धरले होते. त्याच्या किंकाळीने आई उठली, घाई न करता आली, पिल्लू घेतले आणि पुन्हा विसावली. माकडाची आई पिल्लाला इतक्या सहज दुसरीकडे सोपवत नाही. या पानावर ‘पिल्लू कोणाकडे’ एवढाच रकाना पुरेसा आहे.

सहावी पायरी: टक्केवारी काढणे

येथे एक चूक फार वेळा होते, म्हणून उदाहरणच घेऊ. समजा, सकाळी सात ते आठ या तासात टोळी जमिनीवर असल्याने ६० नोंदी मिळाल्या आणि त्यांतल्या ३० ‘खाणे’ होत्या. दुपारी बारा ते एक या तासात टोळी दाट पानांत असल्याने २० नोंदीच मिळाल्या आणि त्यांतल्या २ ‘खाणे’ होत्या. सगळे एकत्र करून ८० पैकी ३२ म्हणजे ४० टक्के, असे काढणे चूक आहे, कारण सकाळचा तास केवळ जास्त प्राणी दिसले म्हणून भारी ठरतो. आधी प्रत्येक तासाची टक्केवारी काढावी, ५० आणि १०, आणि मग त्यांची सरासरी घ्यावी. ती ३० येते. माकडे जमिनीवर जास्त आणि वानर झाडावर जास्त दिसत असतील, तर ही काळजी न घेतल्यास तुलना पायापासून कलते.

सातवी पायरी: फरकाचे कारण शोधणे

आकडे हातात आले की पहिला प्रश्न पोटाचा विचारावा. वानर कोवळी आणि जून पाने, फुले, कच्ची फळे आणि बिया खातो. त्याच्या अनेक कप्प्यांच्या जठरातील सूक्ष्मजीव पाने आंबवतात, आणि या कामाला वेळ लागतो. पाने सगळीकडे असतात, म्हणून दूर जावे लागत नाही, पण पचेपर्यंत बसावे मात्र लागते. माकडाला फळे, दाणे आणि किडे हवे असतात. ते थोडे-थोडे आणि विखुरलेले असतात, म्हणून त्याचा दिवस शोधण्यात जातो. हीच जोडी जगाच्या दुसऱ्या टोकालाही आढळते. पनामातील बारो कोलोराडो बेटावर कॅथरीन मिल्टन यांनी पाने खाणारे हाउलर माकड आणि फळे खाणारे स्पायडर माकड यांची तुलना केली. दोघांची वजने जवळपास सारखी असूनही अन्न शरीरातून जाण्यास हाउलरला सुमारे २० तास लागत आणि स्पायडरला ४ तासांहून थोडे अधिक. हाउलर दिवसाचा बराच भाग पडून असतो, तर स्पायडर माकडे लहान-लहान गटांत विभागून फळांमागे लांबवर हिंडतात.

पण सगळेच पोटावर ढकलू नये. बॉनेट आणि ऱ्हिसस यांचे खाणे बरेच मिळतेजुळते आहे, तरी स्वभाव वेगळे आहेत. ऱ्हिससमध्ये वरच्या-खालच्यांचा दरारा कडक असतो. बॉनेट टोळीत अनेक प्रौढ नर एकत्र राहतात, एकमेकांच्या उवा वेचतात, गळामिठी घालतात. १९६० च्या दशकात कॉफमन आणि रोझेनब्लम यांनी बॉनेट आणि पिगटेल मकाक (डुकरासारखी आखूड शेपटी असलेली दुसरी जात) प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत ठेवले, तेव्हा बॉनेट अंगाला अंग लावून बसत आणि पिगटेल अंतर राखून. आपल्याकडे थंडीत बॉनेट चिकटून बसलेले दिसले, तर ते केवळ थंडीमुळे आहे असे ठरवण्यापूर्वी मे महिन्यातल्या नोंदी उघडून पाहाव्यात.

वानरांच्या टोळ्यांची रचनाही एकसारखी नसते. कुठे एका हुप्प्याभोवती माद्या आणि पिल्ले असतात, कुठे एकाहून अधिक प्रौढ नर, आणि बाजूला फक्त नरांच्या टोळ्या फिरतात. १९६० च्या दशकात धारवाडजवळ युकिमारू सुगियामा यांनी बाहेरच्या नरांनी टोळी ताब्यात घेतल्याचे आणि त्यानंतर पिल्ले मारली गेल्याचे नोंदवले. पुढे सारा हर्डी यांनी राजस्थानातील अबूच्या वानरांच्या अभ्यासातून त्याचे स्पष्टीकरण मांडले: पिल्लू गेले की आई लवकर पुन्हा गाभण राहू शकते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. गर्दीमुळे बिघडलेले हे वर्तन आहे, असे मानणाऱ्यांशी त्यांचा वाद बरीच वर्षे चालला. नवोदिताने असे काही पाहायला मिळेल म्हणून बसू नये. हुप्प्या बदलला, एवढे तारखेसह नोंदवलेले असले तरी मागे काय घडले, याचा शोध नंतर घेता येतो.

आपल्या भागात आणखी एक कारण तपासावेच लागते, ते म्हणजे माणसाने दिलेले खाणे. मारुतीच्या देवळाजवळ शनिवारी शेंगदाणे, केळी आणि खोबरे पडते. त्या दिवशी शोधत हिंडण्याचा वेळ घटतो, बसण्याचा वाढतो आणि एकाच जागी पडलेल्या खाण्यावरून भांडणेही वाढतात. म्हणून पानाच्या डोक्यावर तारीख आणि हवामानासोबत वार, सण, यात्रा आणि ‘खाणे दिले: हो / नाही’ हे लिहावे. शनिवारची माकडे आणि मंगळवारचे वानर यांची तुलना केली, तर आपण दोन जातींची नव्हे, दोन वारांची तुलना करून बसतो. देवळातल्या टोळीची तुलना देवळातल्या टोळीशी आणि मळ्यातल्या टोळीची मळ्यातल्या टोळीशीच करावी. ते जमत नसेल, तर निदान त्याच टोळीचे शनिवार आणि इतर वार वेगळे करून दोन टक्केवाऱ्या शेजारीशेजारी लिहाव्यात, आणि त्यांच्यातला फरक दोन जातींमधल्या फरकाहून मोठा निघतो का, हे आधी पाहावे.